दोन बोटांची फट

थंडी पडली तशा मला गाड्यांवर मागे बसलेल्या बायका दिसायला लागल्या. उन्हाळ्यात दिसल्या नाहीत, पावसाळ्यात दिसल्या नाहीत. दिवाळी सरली, शाहपुऱ्याच्या तलावावर सकाळचं धुकं धरायला लागलं, आणि मग रस्ताभर त्याच. शाल डोक्यावरून घेतलेली, नाक लाल झालेलं, मांडीवर डबा नाहीतर पोर, आणि एक हात नवऱ्याच्या कमरेला. मी दूध आणायला निघतो आणि कोपऱ्यावरच्या पोहे-जलेबीच्या ठेल्यापाशी उभा राहून बघतो. चांगल्या मनाने बघत नाही. जळतो. या वयात लपवून काय करायचंय? त्या नवऱ्यांना गाडी धड चालवता येत नाही. गिअर टाकताना बाईला हिसका बसतो, खड्डा दिसत असून चुकवत नाहीत, तरी ती त्यांच्या मागे बसलेली असते. मला चाळीस वर्षं गाडी चालवता येते आणि मागची सीट रिकामी.

निर्मला चैत्रात गेली. तिच्याशिवायची ही पहिली थंडी.

सगळ्यात जास्त जळतो ते दिघ्यावर. दिघे माझा टाउनशिपमधला शेजारी. कारखान्याच्या क्वार्टरांत आमची एकच भिंत होती. त्याच्याकडे खिळा ठोकला की आमच्या घरातलं कॅलेंडर हलायचं. रिटायर झाल्यावर त्याने शाहपुऱ्यात फ्लॅट घेतला, म्हणून मीही इथेच घेतला. त्याच्याशिवाय मला करमत नाही असं काही नाही. त्याचं काय चाललंय ते समोर दिसलेलं बरं, एवढंच. आता रोज दिसतं. सकाळी दोघं नवराबायको फिरायला निघतात. ती म्हणते, "मफलर बांधा." तो म्हणतो, "बांधतो गं," आणि बांधत नाही. एवढं ऐकलं की माझा दिवस खराब होतो.

भोपाळची थंडी गुपचूप येते. दुपारी ऊन चांगलं चटकतं, माणसाला वाटतं स्वेटर उगाच घेतला, आणि सूर्य कलला की पायाखालच्या फरशीतून ती वर चढते. टाउनशिपमध्ये तर जास्तच. रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना झाडं, क्वार्टरांच्या रांगांमध्ये मोकळी मैदानं. वाऱ्याला अडवायला कोणी नाही. फर्स्ट शिफ्टचा भोंगा व्हायचा तेव्हा उजाडलेलंही नसायचं. सगळ्या सेक्टरांतून सायकली, स्कूटरी, मोटरसायकली निघायच्या आणि मेन गेटच्या रस्त्याला लागायच्या. हजार माणसं, पण बोलायचं कोणी नाही. जबडे थंडीने आवळलेले. फक्त चेनींचा आवाज आणि इंजिनांचा. कोणाच्या डब्यातून मुळ्याच्या पराठ्याचा वास. बोटं दांड्यावर अशी वळून बसायची की गेटवर पास दाखवायला ती सरळ करावी लागायची. आणि संध्याकाळी परत आलं की प्रत्येक अंगणात मटार सोलणाऱ्या बायका, उन्हाचा शेवटचा तुकडा पकडून बसलेल्या, आणि टाळूवर तेल थापलेली पोरं.

त्या थंडीत निर्मलाचा कान ठणकायचा. उजवा. बायका तेव्हा गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या, त्यामुळे उजवा कान नेमका वाऱ्याच्या तोंडी. टी. टी. नगरला बाजाराला जाऊन आलं की ती लसूण घालून तेल गरम करायची, कापसाचा बोळा भिजवून कानात घालायची आणि मान एकीकडे वाकडी करून पोळ्या लाटायची. तक्रार नाही. "कान लागलाय जरा," एवढंच. मी म्हणायचो, "शाल घट्ट घे." यापेक्षा जास्त काही करायचं असतं हे माझ्या डोक्यात नव्हतं. आमच्या घरी कोणी केलेलं नव्हतं.

माझ्या मोटरसायकलला समोर पारदर्शक काच होती, प्लास्टिकचीच, पण सगळे काचच म्हणायचे. दिघ्याच्या गाडीलाही तीच. बाजारात मिळायची ती छातीपर्यंतच असायची. छाती वाचायची आणि वारा तोंडावर यायचा. दिघ्याने एका थंडीत त्या काचेच्या वर आणखी एक तुकडा चढवायचं काढलं. तो डिप्लोमावाला. मी आठवीतून उठून ट्रेड शिकलेला फिटर. कामात त्याच्यापेक्षा माझा हात साफ होता, हे तोही कबूल करायचा. पण त्याच्याकडे कागद होता, आणि कागदावर तो आधी चित्र काढायचा. आठ दिवस तो आपल्या ओट्यावर बसून चित्रं काढत होता. मग त्याने काय केलं, तर काचेच्या कडेला, आरशांना, स्वतःच्या स्वेटरच्या खांद्याला लोकरीचे दोरे चिकटवले. गाडी चालवायची आणि दोरे कुठे उडतात ते बघायचं. वारा कळतो म्हणे त्याने. मी गल्लीत सगळ्यांदेखत म्हणालो, "काय दिघेसाहेब, गाडीची मुंज आहे का?" सगळे हसले. तोही हसला. त्याचं हे एक मला कधी सहन झालं नाही, तो हसायचा.

ती लोकर माझ्या स्वेटरची होती. निर्मला माझ्यासाठी विणत होती, राखाडी रंगाची, आणि त्यातलीच वीतभर तिने भिंतीवरून त्याला दिली होती. हे मला नंतर कळलं.

त्या रविवारी मी चक्कीवरून येत होतो. खांद्यावर दळणाचा डबा, मानेवर पीठ. गल्लीच्या तोंडाशी आलो तर समोरून दिघ्याची मोटरसायकल. पुढे दिघे, आणि मागे माझी बायको. डोक्यावर शाल, शालीला दोरे, आणि हसतेय. गाडी थांबली. सगळ्या ओट्यांवर माणसं ऊन खात बसलेली. दिघेवहिनी बाळंतपणाला इंदूरला माहेरी गेल्या होत्या.

दिघे म्हणाला, "महाजन, बरं झालं आलास. मागे माणूस बसल्याशिवाय कळत नाही रे. वहिनींना म्हटलं, एक चक्कर बसता का?"

निर्मला खाली उतरली आणि शाल मागे सारत म्हणाली, "अहो, वाराच लागत नाही! कान बघा, गारसुद्धा झाला नाही."

आणि तिने खरोखर मान वळवून कान पुढे केला. मी हात लावून बघावा म्हणून. भर गल्लीत.

मी म्हणालो, "दळण घे."

बाकीचं घरात आल्यावर बोललो. जे बोललो ते सगळं इथे लिहिणार नाही. "एवढी हौस आहे तर रोज जात जा त्याच्या मागे," हे त्यातलं सगळ्यात सौम्य. ती पीठ चाळत होती. चाळणी थांबली नाही. म्हणाली, "मला हौस कानाची आहे. तुमच्या डोक्यात काय भरलंय ते तुमचं तुम्ही बघा."

दिघे संध्याकाळी आला. म्हणाला, "तुझ्या गाडीलाही करून देतो, माप माझ्याकडे आहे." मी म्हटलं, "माझ्या हातांना काय झालंय?"

खरं म्हणजे तेव्हाच हो म्हटलं असतं तर हे लिहायचं काही कारण नव्हतं. पण मत्सर माणसाला कामाला लावतो. आयुष्यात एवढं मन लावून मी दुसरं काही केलेलं नाही. कारखान्यात जुन्या पॅनेलांची पारदर्शक झाकणं भंगारात निघायची. रीतसर गेटपास करून त्यातलं एक आणलं. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकार काढला. दिघ्याच्या तुकड्यापेक्षा चार बोटं उंच. का, तर त्याच्यापेक्षा उंच हवा म्हणून. हॅक्सॉने कापला, कानशीने कडा मारल्या, मग पॉलिश पेपर, मग दात घासायची पेस्ट लावून जुन्या बनियनने घासला. जेवणाच्या सुट्टीत शॉपमध्ये घेऊन बसायचो. आमचे फोरमन वर्माजी येऊन बघायचे. "क्या महाजन, हवाई जहाज बना रहे हो?" मी म्हणायचो, "जहाज से ऊपर जाएगा साहब."

वाकवायचं काम घरी केलं. क्वार्टरमध्ये प्रत्येकाकडे तारेच्या वेटोळ्याची बिजलीची शेगडी असायचीच. ती लाल झाली की वर तुकडा धरायचा, हळूहळू फिरवत, एका जागी ठेवला की बुडबुडे धरतात. एका टोकाला मी, एका टोकाला निर्मला, दोघांच्या हातात ओल्या फडक्यांच्या घड्या. तिला घाम आलेला, माझी मिशी तापलेली, स्वयंपाकघरभर तो गोडसर जळका वास, भाजीलाही दोन दिवस तोच. तुकडा पापडासारखा लवायला लागला की झटकन उचलून गव्हाच्या कोठीवर घोंगडं टाकून ठेवलं होतं त्यावर दाबायचा. "दाब, दाब, सोडू नकोस," मी ओरडायचो, आणि ती आपलं सगळं वजन टाकून कोठीला मिठी मारायची. मग आम्ही दोघं त्या कोठीला दोन्हीकडून धरून तो गार व्हायची वाट बघायचो. तिचं नाक माझ्या नाकापासून वीतभर. पहिला तुकडा भोक पाडताना तडकला, म्हणून हे दोनदा करावं लागलं. मला दुसऱ्यांदा करायला मिळालं याचं आज बरं वाटतं.

पण तेव्हा त्या कोठीपाशीही मी काय विचारलं? "दिघ्याच्या तुकड्याला बाक किती होता गं? यापेक्षा कमी ना?"

ती म्हणाली, "मला काय माहीत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "भाऊजींनी मध्ये फट ठेवली होती. खालची काच आणि वरचा तुकडा, मध्ये दोन बोटं फट."

"त्याला जमलं नसेल जोडायला."

"मुद्दाम ठेवली म्हणाले."

"ज्याला जोड बसवता येत नाही तो मुद्दामच म्हणतो."

फिटरच्या हातून फट राहिली तर तो फिटर कसला? अठरा वर्षं मी हेच शिकलो होतो. दोन भाग एकत्र आले पाहिजेत आणि मधून कागद जाता कामा नये. मी खालच्या काचेला वरचा तुकडा असा बसवला की नखाला जोड लागू नये. सायकलच्या ट्यूबचे वॉशर, त्यावर बोल्ट, आणि सांध्यावरून काळ्या रबराची पट्टी. पाणी मारून बघितलं. एक थेंब आत आला नाही. वर्माजींनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "इसे कहते हैं काम, महाजन." गल्लीतले लोक बघायला आले. दिघेही आला. त्याने काचेला हात लावला, रबराच्या पट्टीवर बोट ठेवलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं की त्याने ते मिटलं. "छान झालंय," म्हणाला.

पहिल्या दिवशी मी एकटाच शिफ्टला गेलो. डोळ्यांत पाणी नाही, गाल सुन्न नाही, त्या आवळलेल्या जबड्यांच्या गर्दीतून मी शीळ वाजवत गेलो. फक्त मानेवर मागून कोणी हळूच फुंकर घालतंय असं वाटायचं. मी लक्ष दिलं नाही.

मग संक्रांत आली. टाउनशिपमधल्या मराठी बायकांचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालायचं, आज या सेक्टरला, उद्या त्या. चार इमलीच्या, बड्या अफसरांच्या वस्तीतल्या, एका साहेबांच्या बाईंचंसुद्धा बोलावणं असायचं. बायकांना पोचवायचं आणि बाहेर गाडीपाशी उभं राहायचं हे नवऱ्यांचं काम. त्या वर्षी मला त्या कामाचा कंटाळा आला नाही. मी मुद्दाम दिघ्याच्या दारावरून गाडी काढायचो, जवळचा रस्ता सोडून, आणि हॉर्न द्यायचो. आणि मागे निर्मला मला धरून बसलेली असायची. तोवर कधी बसली नव्हती. मीच बसू देत नसे. लग्न झाल्यापासून माझं एकच होतं, "नीट बस, लोक बघतात." ती सीटच्या मागच्या दांडीला धरायची. आता काच बसवल्यापासून गाडी सुटली की तिचा हात माझ्या पोटावर यायचा, तोंड माझ्या पाठीत, अगदी दोन खांद्यांच्या मध्ये. तिचा श्वास स्वेटरमधून ऊन ऊन लागायचा. मी म्हणालो नाही, लोक बघतात. मला वाटलं, बघू दे. दिघ्याने तर बघावंच. मला वाटलं, जिंकलो.

मी विचारायचो, "कसं वाटतंय?"

"छान."

"वारा?"

"नाही हो."

"मग कानात कापूस कशाला?"

"सवय झालीय."

माझं समाधान व्हायचं. समाधान व्हावं म्हणूनच मी विचारत होतो.

ती गाडी बारा थंड्या चालली. काच पिवळी पडली, ओरखडे आले, तरी मी बदलली नाही. आमचा मुलगा मोठा होऊन पुण्याला नोकरीला गेला, त्याने पुढे स्कूटर घेऊन दिली, मोटरसायकल मी विकली. निर्मलाला उजव्या कानाने पुढे कमी ऐकू यायला लागलं. मी तिच्या डावीकडे बसायला शिकलो. फिरायला जातानाही डावीकडून चालायचो. अजून एकटा चालतो तरी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतो आणि उजवीकडे एका माणसाची जागा सोडतो. समोरून येणारे हॉर्न देतात.

मागच्या रविवारी दिघे आला. हातात स्टीलचा डबा, वहिनींनी गाजराचा हलवा पाठवलेला. ही दया मला आवडत नाही, पण हलवा चांगला असतो. दोघं खिडकीपाशी उन्हात बसलो. खालून एक जोडपं मोटरसायकलवर गेलं, बाई पार नवऱ्याच्या पाठीत घुसलेली. मी म्हणालो, "बघ. आपल्या वेळेस असं करायची सोय नव्हती. मला मात्र निर्मला अशीच धरून बसायची. काच बसवल्यापासून. माझ्या काचेसारखी काच टाउनशिपमध्ये झाली नाही, दिघ्या. तुला राग यायचा, कबूल कर."

दिघे हलव्याचा चमचा चाटत बसला. मग म्हणाला, "महाजन, एक सांगू? वहिनींनी सांगू नका म्हटलं होतं. आता त्या नाहीत."

"सांग."

"तुझ्या काचेला फट नव्हती रे. फटीतून थोडा वारा सोडला की तो वरून येणाऱ्याला उचलून धरतो. नाही सोडला तर वरचा वारा तुझ्या डोक्यावरून जाऊन मागे वळतो. सगळा वहिनींच्या तोंडावर यायचा. साध्या काचेपेक्षा जास्त."

मी म्हणालो, "तिने कधी सांगितलं नाही."

"मला सांगितलं होतं."

त्याने मग सगळं सांगितलं. मी नाइट करून आलो होतो आणि दुपारचा झोपलो होतो. निर्मला त्यांच्या ओट्यावर गेली. म्हणाली, भाऊजी, यांच्या काचेने वारा सगळा माझ्या कानावर येतो, काय करता येईल? दिघे म्हणाला, रबर काढतो आणि तुकडा दोन बोटं वर सरकवतो, दहा मिनिटांचं काम, महाजनला कळलं तर कळलं. पाना घेऊन तो आमच्या अंगणात आला. माझ्या गाडीपाशी उकिडवा बसला. बोल्टला पाना लावला.

"आणि वहिनी म्हणाल्या, नको. राहू द्या."

"का?"

"मीही विचारलं, का. तर म्हणाल्या, फट ठेवलीत तर मला यांना धरून बसायला कारण राहणार नाही. एरवी हे धरू देतात का?"

खिडकीतलं ऊन माझ्या गुडघ्यावर होतं. ते सरकून फरशीवर गेलं. माझ्या मोटरसायकलवर मागे मी कधी बसलोच नव्हतो. बारा थंड्यांत एकदाही नाही.

मग म्हणालो, "परत सांग."

त्याने परत सांगितलं. या वेळी 'कारण'च्या जागी 'निमित्त' म्हणाला.

"कारण म्हणाली की निमित्त?"

"अरे, इतकी वर्षं झाली."

"नीट आठव. आणि यांना म्हणाली की त्यांना?"

"यांना. बहुतेक यांनाच."

तिच्या तोंडचं माझ्याबद्दलचं एवढं एक वाक्य, आणि ते तिने दिघ्यापाशी ठेवलं. माझ्या अंगणात, माझ्या गाडीपाशी, मी पलीकडे घोरत असताना. एवढी वर्षं तो ते घेऊन माझ्या समोर फिरत होता, चहा पीत होता, मफलर न बांधता सकाळी जात होता. मला म्हणाली असती तर मी शब्द न् शब्द ठेवला असता. साडी कुठली होती, हात ओले होते की कोरडे, आधी खाली बघितलं की माझ्याकडे. पण मला कशी म्हणेल? मी दळण घे म्हणणारा माणूस.

"दिघ्या, म्हणताना हसत होती का?"

दिघे विचार करायला लागला. कपाळाला आठ्या घालून, खरोखर, तो लबाड माणूस नाही. मग मान हलवली. "नाही आठवत रे."

डबा उचलून तो उठला. "येतो. हिने जेवायला थांबते म्हटलंय."

मी त्याच्या हातातला डबा काढून घेतला आणि खाली ठेवला. "थांबू दे तिला," म्हटलं. "बस. आठवेपर्यंत बस."